तांबडी पाती

टोपातलं पाणी नुसतं कढत राहायला हवं होतं, उकळायला नको होतं. काम एवढंच, पण दर्शनाला तेच जमेना. गॅस बारीक केला की पाणी निवतंय असं वाटायचं, वाढवला की बुडाशी बुडबुडे धरायचे. त्यात बाईसाहेब घटकेघटकेला झाकण काढून बघणार! असं सारखं उघडून बघितल्यावर साधा भात शिजत नाही, मग रंग कुठून चढणार?

"अगो, किती वेळा उघडतंस?" तिच्या आईने, सगुणाने, भाकरी थापता थापता विचारलं. "वाफ सगळी जातेय. बस की जरा एका जागी."

"बसवत नाय, आये."

आणि ते खरंच होतं. शिमग्याचे ढोल वाजायला लागल्यापासून तिला कुठेच बसवत नव्हतं. जेवता जेवता उठायची, अंगणात जायची, आभाळाकडे बघायची, परत येऊन आमटी थंड झाली म्हणून चिडायची. टोपात, तांबड्याजर्द पाण्याच्या बुडाशी, तिच्या ड्रोनची चार पाती पडली होती. मुळात पांढरी. ती कुंकवाच्या रंगाची झाली तरच उद्या दर्शनाचा ड्रोन नवलाईदेवीच्या पालखीवरून उडणार होता. आणि तो उडाला तरच दर्शना या घरात राहणार होती. नाहीतर घराला कुलूप, आणि सगळ्यांची रवानगी नालासोपाऱ्याला.

आता पंख्यांच्या रंगाचा आणि घराच्या कुलपाचा काय संबंध, असं कोणीही विचारील. संबंध लावला होता धाकूने, तिच्या बापाने.

धाकू उमेदीची सगळी वर्षं मुंबईत शिपाईगिरी करून गावी परतलेला माणूस. आल्यावर त्याला दिसलं काय, तर आपली पोर लग्नाचं नाव काढत नाही. रत्नागिरीतल्या एका फोटोवाल्याकडे शिकून आलीय, सुटे भाग मागवून स्वतःच्या हाताने ड्रोन जुळवते, आणि आरे-वारेच्या वाळूत फोटो काढून घ्यायला येणाऱ्या लग्नाळू जोडप्यांच्या मागून टोपी घालून फिरते. धाकूचा जीव खालीवर झाला. थोरला मुलगा संदेश बायको नि तान्ह्या पोराला घेऊन नालासोपाऱ्यात राहत होता. "तिकडेच जाऊया सगळी," धाकू म्हणाला. "संदेश हिला कुठेतरी चिकटवील, एखादं स्थळ बघील. हिथं काय हाय?"

दर्शना भांडली, रडली, ताटावरून उठून गेली. शेवटी धाकूने मुदत दिली. "शिमग्यात गावाने तुझं यंत्र पालखीवरनं फिरवू दिलंन आणि चार माणसांनी बरं म्हटलंन, तर राहा हिथं. मी पण राहतो, मला तरी कुठे मुंबई गोड लागलीय! नायतर पालखी देवळात गेली की दुसऱ्या दिवशी कुलूप."

मनातून धाकू समजून होता की गाव काही परवानगी देत नाही. मागे एकदा कोणा चाकरमान्याने मुंबईहून ड्रोनवाला आणला होता. काळंकुट्ट ते यंत्र पालखीवर घोंघावायला लागलं, तशी शिवादादाने पालखी जागच्या जागी थांबवली. शिवादादा म्हणजे गावकर, गावातला पहिला मान त्याचा. "देवीच्या डोक्यावर काळं फिरवता? मेल्यांनो, कोणाचं तेरावं हाय काय हिथं?" असा ओरडला की ड्रोनवाला आल्या पावली परत गेला.

पण दर्शना काय कमी! तिने देवळातल्या गुरवाच्या, आप्पांच्या, मागे लागून लागून देवीला कौल लावायला लावला. आप्पांनी देवीच्या पाषाणावर उजवीकडे एक नि डावीकडे एक अशी ओली फुलं चिकटवली, मोठ्याने प्रश्न विचारला, आणि सगळा गाव बघत असताना उजवीकडचं फूल खाली आलं. देवीने हो म्हटलं. आता देवीच्या पुढे शिवादादा काय बोलणार? पण गावकरच तो, अट घातल्याशिवाय त्याला अन्न गोड लागलं नसतं. "फिरू दे यंत्र," तो म्हणाला. "पण काळं नको. डोक्यावर फिरेल ते कुंकवाच्या रंगाचं. आणि ते पंखे आधी देवीच्या पायाशी ठेवायचे, मगच लावायचे."

बोलायला काय जातं! सांगाड्याला तांबडी चिकटपट्टी गुंडाळली की झालं. पण पात्यांना वरून रंग फासला तर एक पातं दुसऱ्याहून जड होतं आणि ड्रोन हवेत थरथरतो. म्हणजे रंग कापडासारखा आत मुरायला हवा. दर्शनाने नायलॉनची पांढरी पाती मागवली, रत्नागिरीच्या बाजारातून, राम आळीतून, रंगाची पुडी आणली. ती निघाली सुती कपड्यांची. पाती रंगली नाहीत, नुसती मळकट झाली. मग कळलं की नायलॉनला रेशमाचा रंग लागतो आणि पाण्यात थोडं व्हिनेगर घालावं लागतं. पुन्हा एसटी, पुन्हा राम आळी. त्यातला पहिला घाणा काल घातला, आणि ही फोनवर बोलत अंगणात फिरत राहिली, तोवर पाणी खळखळून उकळलं. पाती अशी वाकडीतिकडी झाली की सगुणा म्हणाली, "कुरडया झाल्या गो." आता ही शेवटची चार. ही गेली की हात जोडून पालखीला नमस्कार करायचा आणि बॅग भरायला घ्यायची.

पण ही नाही गेली. दर्शनाने चिमट्याने एकेक पातं काढून गार पाण्यात सोडलं, पंच्याने पुसलं, आणि तिचा तिलाच विश्वास बसेना. काय रंग चढला होता! घासून बघितलं, नख लावून बघितलं, बोटाला डाग लागत नव्हता. तिने आईला मिठी मारली. सगुणाच्या हाताचं पीठ तिच्या केसांना लागलं.

"झालं ना आता मनासारखं?" सगुणा म्हणाली.

झालं होतं, एक सोडून. ड्रोनची पाती चारही सारखी दिसतात, पण असतात दोन जातींची. दोन उजवीकडे फिरणारी, दोन डावीकडे. दोन्हींची वळणं एकमेकांच्या उलट. त्यांची अदलाबदल झाली की ड्रोन वर जायच्या ऐवजी कोलांटी खातो. ओळखायला बुंध्याशी एक बारीक अक्षर असतं, ते आता तांबड्यात तांबडं होऊन गेलं होतं. वळण नीट निरखलं तर कळतं म्हणा, पण उद्या भर उन्हात, ढोलांच्या दणदणाटात, सगळा गाव टक लावून बघत असताना निरखत कोण बसतंय? म्हणून तिने उजवीकडे फिरणाऱ्या दोन्ही पात्यांना दोरा बांधला. हाताशी काळाच दोरा होता, तो बांधला.

"काळा?" सगुणा म्हणाली.

"नुसती खूण आहे, आये. लावताना काढणार."

सगुणाने त्या दोऱ्याकडे एकदा बघितलं. तिने तवा उतरवला.

दुसऱ्या दिवशी दुपार कलली तशी पालखी सहाणेवर आली. सहाण म्हणजे वडाखालचा मोठा ओटा, देवीची बसायची जागा. मुंबईकर चाकरमानी, लेकी, नाती, जावई, कोण कोण जमलं होतं. पालखी खांद्यावर असताना बायकांनी सहाणेवर पाय ठेवायचा नाही अशी या गावची रीत, त्यामुळे बायका एका बाजूला उभ्या होत्या. दर्शनाने आपलं बिऱ्हाड सहाणेच्या कडेला, शेणाने सारवलेल्या मातीत मांडलं होतं. पाती तिच्याजवळ नव्हतीच. ती सकाळपासून सगुणाच्या ओटीच्या ताटात, खणाखाली होती. आप्पांनी ताट देवीच्या पायाशी टेकवलं, तीर्थ शिंपडलं आणि ते परत सगुणाकडे दिलं. सगुणाने कडेकडेने येऊन ते लेकीपुढे धरलं.

दर्शनाने खण उचलला. दोन पात्यांना दोरे होते, पण ते तांबडे.

"काळा दोरा देवीच्या पायाशी कसा ठेवू?" सगुणा हळूच म्हणाली. "बदलला. बाकी होतं तसंच हाय."

"बरं केलंस," दर्शना म्हणाली. तिला कुठे विचार करायला सवड होती! ढोल वाढत चालले होते. पालखी खांद्यावर चढली होती, आणि पुढच्या दांड्याला खुद्द धाकू होता, पांढरा सदरा, तांबडा फेटा, नजर समोर. तिने दोरा असलेली दोन पाती त्यांच्या जागी घातली, बिनदोऱ्याची दोन त्यांच्या, नट आवळले, दोरे सोडून कमरेला खोचले आणि उभी राहिली. शिवादादाने मान हलवली. तिने रिमोटचा खटका वर सरकवला.

ड्रोनने पुढची बाजू उचलली. मागची बाजू मातीत रुतल्यासारखी खाली गेली, आणि क्षणात तो पाठीवर आपटून, चारी पाती मातीत घासत, उलटा पडून गुरगुरला. दर्शनाने खटका खाली ओढला.

ढोल थांबले. एवढ्या गर्दीत कोणाचं तान्हं पोर रडत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

"नाय म्हटलंन देवीने," मागून कोणीतरी बोललं. मग ते एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी गेलं. नाय म्हटलंन. आडवी आली. बघितलंस ना, पाठीवर पाडलंन.

दर्शना गुडघ्यांवर बसली. तिने यंत्र सरळ केलं. पाती मोडली नव्हती. कढत पाण्यातून निघालेलं नायलॉन चिवट होतं. पण आता तिने ती निरखली. मागची दोन्ही पाती उलटी. उजव्याच्या जागी डावं, डाव्याच्या जागी उजवं. तिने लावताना दोऱ्याकडे बघितलं होतं, वळणाकडे नाही. म्हणजे दोरेच चुकीच्या पात्यांना होते. तिने मान वर केली. सगुणा ताट छातीशी धरून उभी होती, लेकीची नजर भेटताच तिने मान फिरवली.

आता काय करायचं? सांगायचं की माझ्या आईने घोळ घातला? देवीच्या पायाशी जाऊन आलेल्या वस्तूचा घोळ? गावात एकदा असं नाव पडलं की म्हातारपणापर्यंत पुसत नाही. तिच्या जिभेवर आलेलं ती गिळून बसली.

"माझी चूक झाली, शिवादादा," ती म्हणाली. "पाती उलटी लागली माझ्या हातून. आत्ता बदलते. देवीने काय नाय केलं."

"बाय," शिवादादा म्हणाला, आणि तो रागावलेला नव्हता, हेच वाईट होतं. "चूक तुझी का नकार तिचा, ते आता कोणी ठरवायचं? तू म्हणणार चूक. आणि उद्या खांदेकरी पडला कोण, पालखीला अपशकून झाला काय, तर गाव माझ्या दारात येईल. ठेव ते. पुन्हा कौल पुढच्या सणाला."

दर्शनाने बापाकडे बघितलं. धाकू पालखीच्या दांड्याखाली खाली मान घालून उभा होता. त्याच्या तोंडावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. तिच्या डोळ्यांपुढे नालासोपाऱ्याची खोली आली.

ढोलवाल्याने ढोलावर काठी टेकवली होती, एवढ्यात बायकांच्या घोळक्यातून सगुणा निघाली. पदर डोक्यावरून ओढून तिने सरळ सहाणेवर पाय ठेवला. पालखी खांद्यावर होती. "अगो, अगो!" बायका ओरडल्या. ती थांबली नाही.

"दादा, देवीला मधे आणू नको," ती म्हणाली. "तिचा काय संबंध नाय. दोरे मी बदलले. पोरीने खूण बांधली होती, ती मी सोडली नि परत बांधली. मला वाटलं, जोडी म्हणजे एक डावं, एक उजवं. चपलांसारखी."

शिवादादा बघतच राहिला. मग घोळक्यातून गोदूबाई, वाडीतली सगळ्यात म्हातारी, फिसकन हसली.

"खरंच की गो!" ती म्हणाली. "दोन्ही उजव्या चपला घालून कोण चालतो? पंखे बनवणाराच येडा!"

झालं. शिमग्यात लोकांना हसायला निमित्त लागतं होय? पोरं हसली, चाकरमानी हसले, ढोलवाला हसला, आणि पालखीखालचे खांदेकरी हसायला लागले तशी पालखीच हलायला लागली. "देवी पण हसली बघा!" आप्पा ओरडले. शिवादादाने मिशीवरून हात फिरवला. हसू आवरायचा त्याचा तो एकच उपाय होता.

"लाव गो बाय परत," तो म्हणाला. "निरखून लाव या खेपेस."

तिने निरखून लावली. प्रत्येक पात्याच्या वळणावरून बोट फिरवून, देवीचं नाव घेत. ड्रोन उठला, सरळ उठला, आणि चार तांबड्या चकत्या वडाच्या शेंड्यावरून पलीकडे गेल्या तशी खालून अशी आरोळी उठली की ढोलसुद्धा ऐकू येईनात. रिमोटच्या पडद्यावर सगळा गाव दिसत होता. पालखी नाचत होती, गुलालाचा धूर, पांढरे सदरे, मागे कातळाचं उघडं पठार आणि त्याच्यापलीकडे समुद्राची पट्टी. पालखी वळली की ती यंत्र वळवायची, पालखी वर उडाली की यंत्र वर घ्यायची. मधे एकदा धाकूने नाचता नाचता तोंड वर केलं आणि तिला बापाचं तोंड पडद्यावर सापडलं. तो लहान पोरासारखा हसत होता.

यंत्र खाली उतरलं तेव्हा तिच्याभोवती फोन घेऊन माणसं जमली. मला पाठव, मला पाठव. शिवादादाने सगळ्यांसमोर सांगितलं की पुढच्या शिमग्यालाही हीच, आणि त्याच्या भाच्याच्या गावी, गुहागरकडे, तिकडेही हिलाच बोलवायला सांगतो. आणि धाकू! त्याचा तर जमिनीला पायच लागेना. "माझी पोर," ज्याला त्याला धरून सांगत होता. "स्वतः जुळवलंन ते. कुलूपबिलूप काय नाय आता. आम्ही हिथंच!"

एवढं सगळं मनासारखं झाल्यावर माणसाने निवांत व्हावं की नाही? पण दर्शनाला घरी येताना पाखाडीच्या, घराकडे जाणाऱ्या दगडी वाटेच्या, पायऱ्या उतरवेनात. काहीतरी टोचत होतं, आणि काय टोचतंय ते सापडत नव्हतं. पालखी आता घरोघर फिरत होती, थोड्या वेळात त्यांच्या अंगणात येणार होती. सगुणा पुढे गेली होती आणि दारात पाण्याचा सडा शिंपत होती. तिचा हात सवयीने सगळीकडे सारखा फिरत होता. त्या हाताकडे बघता बघता दर्शना फाटकातच थांबली.

गेल्या पावसाळ्यात दिवे गेले होते. दर्शनाला पहाटे निघायचं होतं आणि पात्यांची पिशवी सगळी खाली सांडली होती. तेव्हा याच हाताने, नुसतं चाचपून, सगुणाने पाती वेगळी करून दिली होती. ही एका वळणाची, ही दुसऱ्या. एकही चुकलं नव्हतं.

"आये," ती म्हणाली. "तुला जोडी कळते."

सगुणाचा हात थांबला. तिने तांब्या खाली ठेवला.

"कळते," ती म्हणाली.

"मग मुद्दाम केलंस?"

"व्हय."

ताकाला जाऊन भांडं लपवायचं तिच्या स्वभावातच नव्हतं, म्हणून ती एका शब्दात मोकळी झाली. दर्शनाला मात्र त्या एका शब्दाने थोबाडीत बसल्यासारखं झालं. "का? सगळं गाव एका बाजूला आणि तू माझ्या बाजूला असं समजत होते मी! तूच? माझं काय वाकडं झालं असतं, कळतंय तुला?"

"तुझं नाय, माझं बघत होती मी," सगुणा म्हणाली, आणि मग तिला थांबवेना. "लगीन झालं तेव्हापास्नं तुझा बाप मुंबईस. म्हटलं आज नेईल, उद्या नेईल. नाय नेलंन. खोली लहान, म्हणायचा. मग सासू पडून होती. मग तुम्ही दोघं. आता संदेशचं पोर झालं, सून कामाला जाते, पोराला शेजारणीकडे ठेवते. दुसऱ्याच्या हातचं दूध पितं गो ते! दोनदा बघितलं मी त्याला. तू हिथं राहिलीस तर तुझा बाप राहणार, तुम्ही दोघं राहिलात तर मी कुठे जाते? पाती घेऊन बसली होती सकाळी. हात गेला. वाटलं, पडू दे, कुलूप लागू दे."

"मग मला सांगायचं होतंस!"

"कधी सांगू? तू घरभर पिंगा घालत होतीस. मी राहणार, मी जाणार, मी नाय जाणार. तुझा बाप तसाच. सगुणे, तुला काय हवं, असं कोणी विचारलंन एकदा तरी?"

दर्शनाला राग आला होता, पण तो कुठे टेकवावा ते कळत नव्हतं. आपण इथे राहायचं म्हणून एवढी तडफड केली, आणि आपल्याबरोबर कोणाला बांधून ठेवतोय हे आपल्या मनातसुद्धा आलं नाही, याची तिला आता लाज वाटत होती.

"मग तिथे सहाणेवर बोललीस कशाला?" तिने विचारलं. "गप्प राहिली असतीस तर झालंच होतं तुझ्या मनासारखं."

"देवीवर आळ आला ना. माझं पाप तिच्या माथी कसं मारू?" सगुणा म्हणाली. मग खाली बघत, "आणि तुला कळलं होतं. तू माझ्याकडे बघितलंस तेव्हाच मला समजलं. तरी तू माझं नाव नाय घेतलंस."

तेवढ्यात ढोल पाखाडीवर आले. बोलायला वेळ उरला नाही. सगुणाने डोळे पुसले, पाट मांडला, दर्शनाने आरती पेटवली. अंगण माणसांनी भरलं. पालखी पाटावर टेकली, सगुणाने देवीची ओटी भरली, आणि आप्पा गाऱ्हाणं घालायला पुढे आले. प्रत्येक घरी तसंच असतं. घरच्यांनी मागणं सांगायचं, आप्पांनी ते देवीला चढ्या आवाजात ऐकवायचं, आणि जमलेल्यांनी होकार भरायचा.

"काय मागणं हाय या घराचं?" आप्पांनी विचारलं.

"पोरीला यश दे म्हणा!" धाकू पालखीच्या दांड्यावर हात ठेवून म्हणाला.

"आई नवलाई, बारा गावच्या, बारा वहिवाटीच्या म्हाराजा," आप्पांनी सुरुवात केली. "ही तुझी दर्शना, तिनं तुझी सेवा केलीन, तिच्या हाताला यश दे, तिला सांभाळ!"

"व्हय म्हाराजा!" सगळं अंगण म्हणालं.

"आणखी काय?"

"बस, एवढंच," धाकू म्हणाला.

सगुणा हात जोडून उभी होती. तिचे ओठ हलत होते, पण आवाज बाहेर येत नव्हता. नवरा बोलल्यावर घरचं मागणं संपतं, ही तिची जन्माची सवय. आई गेली तर हे घर, बापाचं जेवणखाण, त्याची चिडचिड, सगळं आपल्या अंगावर, हे दर्शनाला लख्ख दिसत होतं. तरी ती पुढे झाली.

"आप्पा, अजून एक हाय," ती म्हणाली. "माझी आये नालासोपाऱ्यास जातेय, नातवाकडे. तिचं मन भरेपर्यंत तिकडे राहणार हाय. तिला सुखरूप ने, म्हणा."

आप्पा रंगात आले होते. त्यांनी ना इकडे बघितलं ना तिकडे, सूर लावला तो लावलाच. "आई नवलाई म्हाराजा, ही तुझी सगुणा, नातवाच्या ओढीनं मुंबईस जाते, तिचं मन भरेपर्यंत तिला तिकडे सुखानं ठेव, तिच्या वाटेत कोण आडवं येईल त्याला बाजूला कर!"

"व्हय म्हाराजा!"

सगळ्यात मोठा आवाज धाकूचा होता. पोरवयापासून हे शब्द कानावर पडले की त्याच्या तोंडातून तो होकार आपोआप बाहेर पडायचा, तसा आजही पडला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. त्याने बायकोकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, शेवटी शिवादादाकडे.

"माझ्याकडे काय बघतोस?" शिवादादा म्हणाला. "देवीसमोर तूच व्हय म्हटलंस ना?"

धाकू काही बोलायच्या आत ढोलवाल्याने काठी उचलली. पालखी अजून पाटावरच होती, गुलाल अजून उधळायचा होता, पण सगुणा थांबली नाही. ती घरात गेली आणि माळ्यावरची ट्रंक खाली ओढायला लागली.